बिजागरीचा कणा, मुठीतला दगड

टेबलावर ॲल्युमिनियमचे काही पत्रे पडले आहेत. कुणी त्रिकोणी, कुणी अर्धगोल, एखाद्याला मधूनच चीर दिलेली. पत्रे सुटे नाहीत, बिजागऱ्यांनी एकमेकांशी जोडलेले आहेत. आता असे मिटून सपाट पडलेले असताना ते शिल्प आहे असं कुणाला वाटणार नाही. एका पत्र्याची कड धरून वर उचलली की शेजारचा पत्रा त्याच्यासोबत उठतो, तिसरा उलट दिशेला कलतो, आणि जिकडे आपलं लक्षही नव्हतं असा चौथा खाडकन टेबलावर आपटतो. हातातली कड आणखी थोडी वळवायला जावं तर ती वळत नाही. दुसरीकडच्या दोन पत्र्यांनी एकमेकांना अडवलेलं असतं. मग मागे यायचं, वेगळी कड धरायची, पुन्हा उचलायचं. असं करता करता एका क्षणी सगळी रचना तीन टोकांवर उभी राहते. आपण हात काढून घेतो. ती पडत नाही.

ब्राझीलच्या लीजिया क्लार्कनं १९६० पासून अशी शिल्पं करायला सुरुवात केली आणि त्यांना ‘बिशू’ म्हटलं. पोर्तुगीज घरांत किडा, जनावर, प्राणी अशा कुठल्याही जिवाला सहज वापरला जाणारा हा शब्द. एखाद्या बिशूचं नाव ‘खेकडा’, एखाद्याचं ‘सूर्यघड्याळ’, आणि काही वर्षांनी केलेल्या एका छोट्या बिशूचं ‘खिशातला बिशू’. १९६१ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्राझीलमधल्या सर्वोत्कृष्ट शिल्पकाराचं पारितोषिक तिला मिळालं ते याच शिल्पांसाठी. पुढच्या वीस वर्षांत ती या शिल्पांपासून इतकी दूर गेली, की आपण कलावंत आहोत असं म्हणायलाही ती तयार होईना. रिओ दि जानेरोमधल्या आपल्या घरात ती माणसांच्या अंगावर दगड, शिंपले आणि पाण्याच्या पिशव्या ठेवत होती, त्यांना बरं वाटावं म्हणून. हा सगळा प्रवास मला एकाच वाक्याचा विस्तार वाटतो. ते वाक्य पहिल्या बिशूतच पूर्ण लिहिलेलं आहे, म्हणून त्याच्याजवळ जरा जास्त थांबायला हवं.

बिशू बघण्यासारखा नाही, हे आधी मान्य करून टाकू. म्हणजे तो सुंदर आहे. धातूवरचा उजेड पत्र्यागणिक बदलतो, सावल्या कात्रीनं कापल्यासारख्या पडतात. पण समोर उभं राहून, हात मागे बांधून बघितला तर त्याचा फार थोडा भाग आपल्याला मिळतो. हाताळताना जे कळतं ते वेगळंच असतं. प्रत्येक बिजागरीला एकच हालचाल येते, उघडणं आणि मिटणं. इतक्या साध्या हालचाली एकमेकांना जोडल्या गेल्या की त्यांच्यातून हट्ट तयार होतो. आपण डावीकडचा पत्रा हलवतो आणि उजवीकडे काहीतरी घडतं. आपल्या मनात असलेला आकार त्याला मान्य नसतो. जोर लावला तर तो अडतो, सैल सोडला तर कोसळतो. जोर आणि सैलपणा यांच्या मधे कुठेतरी तो ऐकतो. मांडीवर घेतलेल्या मांजराला जसं धरता येत नाही, फक्त मांडीची बैठक त्याच्या बेतानं बदलत राहावी लागते, तसं काहीसं.

या शिल्पाच्या किती हालचाली होऊ शकतात, असं तिला लोक विचारत. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: ते ना तिला ठाऊक, ना विचारणाऱ्याला, ठाऊक आहे ते बिशूला. उत्तर चमकदार आहे, पण तिनं ते चमकण्यासाठी दिलेलं नाही. बिशूला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते, आत आणि बाहेर नसतं, ‘बरोबर’ अशी एक अवस्था तर मुळीच नसते. त्यामुळे हा खेळ जिंकता येत नाही. कुणी चूक केली असंही म्हणता येत नाही. खेळाचे नियम कागदावर लिहिलेले नाहीत, ते बिजागऱ्यांत आहेत, आणि ते बोटांनाच समजतात. माणूस आणि वस्तू या दोघांच्या हालचाली इथे वेगवेगळ्या आहेत, असं क्लार्क मानायची. माणूस जे करतो ते एक, आणि त्याला उत्तर म्हणून बिशू जे करतो ते दुसरं. शिल्प असतं ते या दोघांच्या मधे.

हे ‘मधे’ तिला कुठून सापडलं? बिजागरी तिच्या हाती अचानक आलेली नाही. बेलो होरिझोंते या शहरात १९२० मध्ये जन्मलेली, कमी वयात लग्न झालेली, तीन मुलांची आई असलेली ही बाई रिओला येऊन १९४७ मध्ये बुर्ले मार्क्स या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराकडे चित्रकला शिकायला लागली. १९५० ते १९५२ ती पॅरिसमध्ये होती, फर्नां लेजेकडे काही काळ शिकली. परतल्यावर ती भौमितिक चित्रं करू लागली आणि १९५४ मध्ये एका फटीनं तिचं लक्ष वेधून घेतलं. चित्र आणि त्याच्याभोवतीची चौकट यांचा रंग सारखा असला की त्यांच्या सांध्यावर एक रेघ दिसते. ती कुणी काढलेली नसते. दार आणि दाराची चौकट यांच्यामधे असते तशी, फरशीच्या दोन लाद्यांमधे असते तशी. दोन गोष्टी शेजारी आल्या म्हणून तयार झालेली ही रेघ तिनं ‘सेंद्रिय रेषा’ म्हणून आपल्या कामाच्या केंद्रस्थानी आणली. आधी ती रंगीत फळ्या एकमेकींशेजारी ठेवून त्या फटीलाच चित्र मानू लागली. मग १९५९ मध्ये तिनं ‘कोश’ नावाच्या कलाकृती केल्या, भिंतीवर टांगलेला धातूचा पत्रा दुमडून त्याच्या आत पोकळी ठेवलेल्या. आणि मग भिंत सुटली, पत्रे टेबलावर आले आणि त्या फटीच्या जागी बिजागरी बसली. दोन पृष्ठांना वेगळं ठेवणारी रेघ त्यांना हलवू लागली. बिजागरीला ती बिशूचा कणा म्हणायची.

त्याच १९५९ मध्ये कवी फेरेरा गुलार यांनी लिहिलेला नवकाँक्रीट कलेचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. सही करणाऱ्यांत क्लार्क होती, लीजिया पापे होती, शिल्पकार आमिल्कार दि कास्त्रू आणि फ्रांझ वाइसमन होते. भूमितीचं काटेकोरपण यांना हवं होतं, पण कलाकृतीला यंत्रासारखी वस्तू मानणं त्यांना नको होतं. कलाकृती सजीवाच्या जवळची असते, असं त्यांचं म्हणणं. जाहीरनाम्यातली असली विधानं पुष्कळदा कागदावरच राहतात. क्लार्कनं ते पत्र्यात करून दाखवलं.

बिशूनंतर तीनच वर्षांत, १९६३ मध्ये, तिनं असं काही केलं ज्याला टेबलही लागत नाही. ‘कामिन्यांदू’, म्हणजे ‘चालताना’, या कृतीसाठी कागदाची एक लांब पट्टी घ्यायची, तिला अर्धा पीळ द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. म्हणजे मोबियसची पट्टी झाली: जिला एकच बाजू असते आणि एकच कड. मग कात्रीचं टोक तिच्या मधोमध खुपसायचं आणि पट्टीच्या लांबीनं कापत जायचं. पूर्ण फेरी झाली की आपण सुरुवातीच्या जागी परत येतो. इथे तिची एकच अट आहे. आधी कापलेल्या जागी जायचं नाही. म्हणजे कात्री डावीकडे न्यायची की उजवीकडे, हे ठरवायचं आणि पुढे कापत राहायचं. प्रत्येक फेरीत वाट अरुंद होत जाते, कागदाचं भेंडोळं वाढत जातं, गुंतत जातं, आणि शेवटी पट्टी इतकी बारीक होते की कात्रीला जागाच उरत नाही. तिथे काम संपलं.

हे वाचून सोडून देण्यापेक्षा वर्तमानपत्राची एक पट्टी कापून वाचकांनी ते करून बघावं, असं मला मनापासून वाटतं. केल्यावर दोन गोष्टी जाणवतात. पहिली म्हणजे श्वास मंद होतो. हात बारीक कामात गुंतलेले असतात आणि डोळ्यांना कात्रीच्या टोकापुढचा बोटभर कागद सोडून काही दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पहिल्या फेरीच्या शेवटी डावं की उजवं ठरवण्याचा जो क्षण येतो, त्यात उगाचच थोडी धाकधूक वाटते. कागदाच्या पट्टीनं कुणाचं काय बिघडणार आहे? तरी वाटते. आणि ठरवून कात्री पुढे सरकली की ती धाकधूक मोकळी होते. क्लार्कला या क्षणातच सगळं मोल दिसत होतं. उरलेलं कागदाचं भेंडोळं तिच्या लेखी टाकून देण्याजोगं होतं.

हे किती धाडसी होतं ते कळायला बारा वर्षं मागे जावं लागतं. १९५१ च्या पहिल्या साओ पाउलो द्वैवार्षिक प्रदर्शनात स्विस कलावंत मॅक्स बिल यांच्या पोलादी शिल्पाला शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं होतं. ‘त्रिभागी एकता’ नावाचं ते शिल्प मोबियसच्या पट्टीच्याच घराण्यातलं. लखलखीत, निर्दोष, स्वतःतच पूर्ण. ब्राझीलच्या एका सबंध पिढीवर त्याचा प्रभाव पडला. क्लार्कनं तोच आकार कागदाचा केला, कुणाच्याही हातात दिला आणि सोबत कात्री दिली. बिल यांच्या शिल्पासमोर माणूस नतमस्तक होतो. क्लार्कच्या पट्टीला माणसाचा हात लागल्याखेरीज तिची सुरुवातच होत नाही. दोन्ही कलाकृती मला प्रिय आहेत, पण एकीपाशी मी थांबतो आणि दुसरीमुळे मी चालू लागतो, एवढा फरक त्यांच्यात आहे.

इथून पुढे तिची सामग्री स्वस्त होत गेली. ॲल्युमिनियम मागे पडलं, १९६४ च्या सुमाराला कापलेलं रबर आलं. ही रबरी शिल्पं कुठेही टांगता, टाकता, लोंबवता येत. समीक्षक मारिओ पेद्रोझा यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगतात: असं एक शिल्प त्यांनी पायानं उडवलं आणि जिला लाथ मारता येईल अशी कलाकृती अखेर मिळाली म्हणून ते खूश झाले. काड्यापेट्या आल्या, नायलॉनच्या जाळ्या आल्या, कांद्याची पोती बांधतात तसल्या. १९६४ मध्येच ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली होती आणि ती पुढे एकवीस वर्षं त्यांच्याच हाती राहिली. लोकांनी काय करावं हे वरून ठरवलं जाण्याचा तो काळ. अशा काळात कुणाच्याही हाती कात्री देऊन ‘आता तू ठरव’ असं म्हणणारी कला निव्वळ करमणूक उरत नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

मला तिची सर्वांत थोर कलाकृती वाटते ती १९६६ ची, ‘दगड आणि हवा’. तिचा जन्म एका अपघातात आहे. मोटारीच्या अपघातात क्लार्कच्या मनगटाला इजा झाली होती. मनगट उबदार राहावं म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँडनं घट्ट केलेली असायची. एक दिवस तिनं ती पिशवी काढली, फुंकर घालून फुगवली, तोंड बांधलं आणि तिच्या एका कोपऱ्यावर छोटा दगड ठेवला. मग दोन्ही तळहातांत पिशवी धरून हलकेच दाबली. दगड वर आला. दाब सैल केला, दगड आत रुतला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर.

यात शिल्पकलेचं सगळं व्याकरण आहे. वजन आहे आणि वजनाला पेलणारा आधार आहे, भरीव आहे आणि पोकळ आहे, कठीण आहे आणि मऊ आहे. हजारो वर्षं शिल्पकार ज्या प्रश्नांशी झुंजत आले तेच इथे पैशाच्या पिशवीत आणि फुकटच्या दगडात मांडलेले आहेत. पण इथली पोकळी साधी नाही. पिशवीतली हवा ही धरणाऱ्याच्याच छातीतून आलेली आहे. थोड्या वेळापूर्वी जो श्वास आपल्या आत होता, त्यावर आता एक दगड तरंगतो आहे. तळवे किती दाबायचे याचा अंदाज हळूहळू यायला लागतो, आणि मग दगडाची वरखाली आपल्या श्वासाशी जुळायला लागते. कुणी सांगितलेलं नसतं, जुळते. क्लार्कला त्या वरखाली होणाऱ्या दगडात प्रसूतीची आठवण झाली, आणि तिला ते अस्वस्थ करणारं वाटलं. तिचा हा अनुभव मला मोलाचा वाटतो, कारण तो गोडगोड नाही. शरीर हे सुखाचं तसंच वेदनेचं आणि भीतीचंही ठिकाण आहे, हे ती कधी विसरली नाही. या काळातल्या कामांना तिनं ‘शरीराची ओढ’ असं नाव दिलं.

खेळ म्हणूनही ‘दगड आणि हवा’ बिशूच्या पुढे जातो. बिशूत प्रतिस्पर्धी धातूचा होता. तो आपल्याला अडवायचा आणि आपण वाट काढायचो. इथे दगड पडू नये एवढाच डाव आहे, आणि तो डाव खेळायला लागणारी हवा, दाब, लय सगळं आपल्याकडूनच येतं. ज्याच्याशी खेळायचं आणि जो खेळतो त्यांच्यातली फट, १९५४ मध्ये तिला चित्र आणि चौकट यांच्या मधे दिसलेली ती फट, आता दोन तळहातांच्या मधे आली आहे.

यानंतरची काही कामं मी भराभर ओलांडतो. १९६७ चे ‘संवेदनांचे मुखवटे’, डोक्यावर घालायच्या रंगीत कापडी टोप्या, त्यात डोळे, कान, नाक यांच्याजवळ वेगवेगळ्या वस्तू आणि वास. दोघांनी मिळून घालायचे, एकमेकांशी जोडलेले चष्मे. एलिओ ओइतिसिका या मित्रासोबत केलेला ‘हातांचा संवाद’, ज्यात मोबियससारख्या रबरी पट्ट्यात दोघांची मनगटं अडकवलेली असतात. १९६८ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि मग व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडलेलं ‘घर म्हणजे शरीर’, ज्यातून सरपटत, चाचपडत जाताना गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचे टप्पे अनुभवायचे. यातली काही कामं मला अतिस्पष्ट वाटतात. गर्भाशयाची कल्पना इतकी उघड मांडली की ती कळते, आणि कळली की अंगाला लागत नाही. एका दगडात जे साधलं ते सबंध बोगद्यात साधलं नाही.

पण पॅरिस मात्र ओलांडता येत नाही. १९७२ पासून काही वर्षं ती तिथे सोर्बोनमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेत होती आणि आता खेळ एकट्याचा उरला नव्हता. रबरबँड एकमेकांना गाठी मारून विद्यार्थी मोठं जाळं विणत आणि मग सगळे त्यात शिरत. एकानं हात ताणला की दुसऱ्याची मान ओढली जाई, कुणालाही एकट्यानं हलता येत नसे. बिशूचे पत्रे आता माणसं झाली होती. १९७३ च्या ‘मनुष्यभक्षी लाळ’ या कृतीत एक जण जमिनीवर आडवा होतो. भोवती बसलेल्यांच्या तोंडात रंगीत धाग्याची रिळं असतात. ते तोंडातून धागा ओढून काढत त्याच्या अंगावर टाकत जातात. लाळेनं ओला धागा साठत जातो, अंग झाकलं जातं. मग सगळे त्या ओल्या जाळ्यात हात घालतात, ते उचलतात आणि ओढून फाडून टाकतात. आपल्या तोंडातून काहीतरी अखंड बाहेर येत आहे, असं एक स्वप्न क्लार्कला पडलं होतं. ही कृती त्यातून आली.

वाचताना किळस येते. यावी. उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनांत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला तर जास्तच यावी. पण छायाचित्रांतले चेहरे बघितले तर तिथे एक विलक्षण गंभीरपणा दिसतो. तरुण मुलं-मुली आपल्या आतला ओलेपणा दुसऱ्याच्या अंगावर ठेवताहेत आणि आडवा पडलेला तो स्वीकारतो आहे. शेवटची फाडाफाडही महत्त्वाची. खेळात राग ओतायला जागा ठेवलेली आहे. मनाच्या आरोग्यासाठी म्हणून आज जी शांत संगीताची, मेणबत्त्यांची, मऊ उशांची मांडणी केली जाते तिच्यात रागाला कुठेच जागा नसते. माणसाला शांत करायचं आहे हे आधीच ठरलेलं असतं. क्लार्कनं कुणालाही शांत करायचं ठरवलेलं नव्हतं. तिला माणूस जागा झालेला हवा होता.

याच काळात ती स्वतः पॅरिसमध्ये पिएर फेदिदा या मनोविश्लेषकाकडे उपचार घेत होती. १९७६ मध्ये ती रिओला परतली आणि कोपाकबानामधल्या आपल्या घरी तिनं ‘स्वत्वाची घडण’ या नावानं काम सुरू केलं. एका वेळी एकच माणूस. थर्मोकोलच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या मोठ्या गादीवर त्यानं मोजक्या कपड्यांत आडवं व्हायचं. मग क्लार्क आपल्या वस्तू आणायची. अर्धी वाळूनं आणि अर्धी थर्मोकोलच्या गोळ्यांनी भरलेली उशी, म्हणजे एकीकडे जड आणि एकीकडे हलकी. पाण्याच्या, हवेच्या पिशव्या. कानावर ठेवायचे शिंपले. जाळीत बांधलेले दगड. या वस्तू ती त्याच्या अंगावरून फिरवायची, दाबायची, ठेवून द्यायची. तिनं त्यांना ‘नात्याच्या वस्तू’ म्हटलं, कारण एकट्या पडलेल्या असताना त्यांना काहीच अर्थ नसतो. असं आठवड्यातून एकदा ते तीनदा, काही महिने चालायचं. सांगावंसं वाटलं तर माणूस सांगायचा. ती त्याच्या बोलण्याचा उलगडा करायला बसत नसे.

आणि या सगळ्या वेळात त्या माणसाच्या मुठीत एक छोटा दगड असायचा. क्लार्क त्याला वास्तवाचा पुरावा मानायची. अंगावरच्या मऊ, जड, थंड स्पर्शांनी माणूस दूरच्या कुठल्या तरी आठवणीत, बालपणात, शब्दांआधीच्या अवस्थेत जाऊ शकतो. तिथे तो हरवू नये म्हणून हा दगड. मूठ आवळली की कळतं, मी इथे आहे. ‘दगड आणि हवा’मध्ये श्वासावर तरंगणारा दगड दहा वर्षांनी असा मुठीत आला. तेव्हा तो खेळातला गडी होता, आता तो परतीच्या वाटेची खूण झाला. शिल्पकलेनं याहून लहान व्हावं आणि तरी शिल्पकला राहावं, असं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. कारण हाही शेवटी त्रिमितीतला एक आकार आहे, त्याला वजन आहे, त्याला कडा आहेत, आणि हाताचा पोकळ भाग त्याच्यासाठी चौथरा झालेला आहे.

ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉट यांनी मूल आणि त्याची लाडकी उशी किंवा चिंधी यांच्याविषयी जे लिहिलं, ते क्लार्कच्या या वस्तूंच्या फार जवळचं आहे. ती चिंधी मुलाच्या आतली नसते आणि पूर्ण बाहेरचीही नसते. ती मधल्या प्रदेशात असते, आणि खेळ तिथेच घडतो. मोठेपणी माणसाला तो प्रदेश कलेत सापडतो, असं विनिकॉट मानत. क्लार्कनं त्या प्रदेशात जायला दार ठेवलं, आणि दाराला बिजागरी होतीच.

हा उपचार होता का? क्लार्क मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, तसं शिक्षण तिनं घेतलेलं नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्यांत खोल दुखणं घेऊन येणारी माणसंही असत. यात धोका होता, आणि तिच्या कामाचं कौतुक करताना तो नजरेआड करणं मला बरोबर वाटत नाही. कुणाच्या मनाच्या तळाशी हात घालायला नुसती संवेदनशीलता पुरत नाही. पण तिनं औषधांना किंवा डॉक्टरांना पर्याय दिला असं मानण्यापेक्षा, उपचारांत ज्या गोष्टीला जागा नव्हती ती गोष्ट तिनं पुढे आणली असं मानावं. ती गोष्ट म्हणजे रुग्णाचं शरीर स्वतःहून काही करू शकतं, उत्तर देऊ शकतं, यावरचा विश्वास.

ब्राझीलमध्ये या विश्वासाची परंपरा तिच्याआधीची आहे. रिओच्या एंजेन्यू दि देन्त्रू भागातल्या मनोरुग्णालयात डॉ. निझे दा सिल्वेरा यांनी विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया वापरायला नकार दिला आणि १९४६ मध्ये रुग्णांसाठी चित्र आणि मातीकामाच्या कार्यशाळा सुरू केल्या. तिथल्या कामांतून १९५२ मध्ये ‘अबोध मनाच्या प्रतिमांचं संग्रहालय’ उभं राहिलं. रबरी शिल्पाला लाथ मारणारे मारिओ पेद्रोझा हे या रुग्णांच्या कलेचे पहिल्या फळीतले समर्थक होते. ब्राझीलची आधुनिक कला आणि मनोरुग्णालय एकमेकांना अशी ओळखत होती. दा सिल्वेरांकडे रुग्ण चित्रं काढायचे, माती घडवायचे, म्हणजे आतलं बाहेर यायचं. क्लार्कनं दिशा उलटी केली. बाहेरचं वजन, बाहेरचा गारवा तिनं शरीराला लावला आणि आत काय हलतं ते बघायला त्या माणसालाच सांगितलं.

१९८८ मध्ये ती गेली. आज तिचे मूळ बिशू काचेच्या पेट्यांत आहेत, आणि समोर हात लावू नका अशी पाटी. कारणं खरी आहेत: बिजागऱ्या झिजतात, पत्र्यांवर ओरखडे उठतात, किमती फार वाढलेल्या आहेत. तरीही त्या पेटीसमोर मला वाईट वाटतं, कारण काचेतला बिशू एकाच अवस्थेत गोठलेला असतो आणि ती अवस्था कुणातरी कर्मचाऱ्यानं ठरवलेली असते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं तिचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावातच तिनं कला सोडल्याचा उल्लेख होता. तिथे हाताळायला बिशूंच्या प्रतिकृती ठेवल्या होत्या आणि बाकीच्या कृती करून दाखवायला, करून घ्यायला माणसंही नेमली होती. हाच मार्ग योग्य आहे. प्रतिकृती खरी नसते अशी तक्रार इथे लागू होत नाही. ज्या बिशूला हात लागतो तो खरा.

तिच्या शेवटच्या कामाला मात्र संग्रहालयाची वाट बघावी लागली नाही. डॉक्टर आणि कलावंत असलेले लुला वांदेर्ले तिच्याकडून ही पद्धत शिकले आणि त्यांनी तिच्या वस्तू गंभीर मानसिक आजार असलेल्या रुग्णांसोबत वापरायला सुरुवात केली, त्याच एंजेन्यू दि देन्त्रूच्या रुग्णालयात, जिथे दा सिल्वेरांच्या कार्यशाळा चालायच्या. तिथे त्यांनी ‘काळाला खुली जागा’ या अर्थाच्या नावाचं केंद्र चालवलं. त्या केंद्रात बिशू नव्हते. पिशव्या होत्या, उशा होत्या, दगड होते, म्हणजे फाटलं तर शिवता येईल, हरवलं तर नदीकाठावरून दुसरा उचलून आणता येईल असं सामान. आणि रुग्णांना ते हाताळायला दिलं जायचं.